तिसऱ्या मॉनिटरवरचं पान

माझ्या नणंदेनं गेल्या कित्येक महिन्यांत कुणाची एकही चूक काढली नव्हती, आणि त्यामुळे आम्हा नवरा-बायकोचा जीव टांगणीला लागला होता. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटेल. नणंदेचं तोंड बंद झालं की भावजयीनं हात जोडून देवाचे आभार मानायचे असतात, अशी जगाची समजूत. कधीकाळी रागाच्या भरात मीही तसलंच काहीतरी मागितलं असेल. पण आमच्या ताईंचं पोटच चुका काढण्यावर होतं. त्या प्रूफं तपासायच्या. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचं पान न् पान वाचून त्यातली खोट हुडकायची, हे त्यांचं काम. छापखान्यात सगळे त्यांना 'गाळणी' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

गाळणी घरी आली तरी गाळणीच. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, दुकानाची पाटी, बिलाच्या मागची बारीक सूचना, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात फ्रीजवर चिठ्ठी लावून बाहेर गेले होते, 'दूध संपले आहे.' संध्याकाळी येऊन बघते तर खाली लाल शाईत लिहिलेलं, 'संपलेले नाही. दाराच्या कप्प्यात पाहावे.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला सांगितलं, या घरात एकतर ही बाई राहील, नाहीतर मी. पुढं दोघीही राहिलो.

राहिलो, कारण आमचं काम एकमेकींत अडकलं. मी पानं लावते. म्हणजे छापखान्याकडून आलेला मजकूर कम्प्युटरवर घेऊन त्याची पुस्तकाची पानं करते, समास सोडते, ओळी बसवते, चित्रांना जागा करून देते. मी लावायचं, ताईंनी वाचायचं, त्यांनी लाल खुणा करायच्या, मी दुरुस्त करायचं आणि दुरुस्त करता करता त्यांच्याशी भांडायचं. आतल्या खोलीतल्या एका टेबलावर इतकी वर्षं आमचं हे चाललं. बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडायचा, "मिटलं का तुमचं? मिटलं नसेल तर चहा मीच करतो."

मग एका सकाळी ताई आरशासमोर दात घासत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि अगदी शांतपणे विचारलं, "वहिनी, आरशातला माझा अर्धा चेहरा कुठं गेला गं?"

मेंदूतली एक बारीकशी शीर तुंबली होती. दवाखान्यात वेळेवर नेलं. हात, पाय, वाचा, सगळं वाचलं. जिवावर बेतलं होतं ते बोटावर निभावलं, असं जो तो म्हणाला, आणि आम्हीही म्हणालो. बोट कुठलं गेलं ते घरी आल्यावर कळलं. ताईंचे दोन्ही डोळे शाबूत होते, पण दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली होती. समोर पाहिलं की मधल्या रेषेपासून उजवीकडं काहीच नाही. दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटायचा. उजव्या हाताला ठेवलेला कप तिथंच गार होऊन जायचा. गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

चौकटीचं एक वेळ ठीक, आपण सावकाश चालू. पण वाचन डावीकडून उजवीकडं चालतं. ताईंना शब्दाचं डोकं दिसायचं आणि धड गायब. मान वळवून धड शोधावं तर तोवर ओळ हरवायची. तीन-चारदा त्या प्रूफं घेऊन बसल्या. शेवटच्या वेळी मला म्हणाल्या, "वाचताना डोळा आपला पुढं धावतो ना, नेमकं तिथंच काही नाही. अंधार असता तरी मी समजले असते. नुसतं नाहीच आहे." मग पेनांना टोपणं लावली, छापखान्यात फोन करून 'माझं नाव काढून टाका' म्हणून सांगितलं आणि त्या टेबलापासून उठल्या त्या परत तिथं बसल्या नाहीत.

मी वाचून दाखवते म्हटलं तर, "मी काय बाळ आहे?" नवऱ्यानं वाचून दाखवतो म्हटलं तर, "तू आधी स्वतः नीट वाचायला शीक." एवढंच काय ते जुनं तिखट शिल्लक होतं, पुढं तेही संपलं. खिडकीशी बसून त्या जुने स्वेटर उसवायच्या आणि लोकरीचे गुंडे करायच्या. विणायच्या काही नाहीत, नुसतं उसवायचं. एकदा मी मुद्दाम शुक्रवारी म्हटलं, "आज गुरुवार, उद्या पाणी येणार नाही." पूर्वीच्या ताई असत्या तर वार, तारीख आणि पाण्याचं वेळापत्रक तिन्ही माझ्या तोंडावर मारलं असतं. त्या म्हणाल्या, "असेल." त्या 'असेल'नं मी जेवढी घाबरले तेवढी दवाखान्यातही घाबरले नव्हते.

माझा नवरा बस चालवतो. तो आणि ताई जुळे. त्या त्याच्यापेक्षा काही मिनिटांनी मोठ्या आहेत आणि त्या मिनिटांचा मान त्या आयुष्यभर वसूल करत आल्या आहेत. बहिणीचं हे बघून त्याचा जीव तुटायचा, पण तो बोलून दाखवणाऱ्यातला नाही. तो काहीतरी करणाऱ्यातला, आणि हेच जास्त भीतिदायक. एक दिवस तो डेपोतून जुन्या बसचा मोठा आरसा घेऊन आला.

"प्रत्येक गाडीला आंधळा कोपरा असतो," तो मला म्हणाला. "ड्रायव्हरनं मान मोडेपर्यंत वळवली तरी तिथलं दिसत नाही. म्हणून तर आरसा लावतात."

आणि टेबलाच्या उजव्या कडेला त्यानं तो आरसा शिकंज्यानं आवळून बसवला. उजवीकडचा आरसा उजवीकडंच लागतो, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं. ताईंना बळेच आणून बसवलं. त्या बसल्या, कोपर थडकन आरशावर आपटलं, हात लावून चाचपला आणि म्हणाल्या, "म्हणजे मला दिसत नाही म्हणून लावलेला आरसा मला दिसत नाही." मग त्यानं तो काढून डावीकडं लावला, तेव्हा त्यात अक्षरं उलटी दिसायला लागली. आरसा परत डेपोत गेला. मी नवऱ्याला हसले खरी, पण नंतर मी जे केलं ते काही त्याहून शहाणपणाचं नव्हतं.

झालं असं, की दवाखान्यात डोळ्यांचे व्यायाम घेणारी एक बाई होती. तिनं सांगितलं, अक्षरं खूप मोठी करून बघा, आणि काम डाव्या हाताला ठेवा. मी अक्षरं मोठी केली तर माझ्या मॉनिटरवर जेमतेम दोन शब्द मावायला लागले. आता पानं लावणारीचं डोकं ते. कागद अपुरा पडला की मी काय करते? कागद वाढवते. एका मॉनिटरवर ओळ मावत नसेल तर मॉनिटर वाढवू, तीन मॉनिटर सलग मांडू, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांची ओळच्या ओळ पसरू, की ताई बसल्या जागी वाचतील. मला ही कल्पना इतकी आवडली की रात्री झोप येईना.

फक्त आमचा कम्प्युटर म्हातारा होता. त्याला बदलायची सोय नाही, कारण मी ज्या सॉफ्टवेअरवर पानं लावते ते नव्या कम्प्युटरवर चालतच नाही आणि ते बनवणारी मंडळी कधीच दुकान आवरून गेली. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं हे ऐकून घेतलं आणि तरीही म्हणाला, "मी सांगतो, नवाच घ्या."

"मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं हो. सांगायचं काम माझं. तुमच्या कम्प्युटरला मॉनिटर जोडायची तोंडं किती?"

"एक. निळं."

"मग तीन मॉनिटर काय उशाला घेणार?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण अडला हरी, गप्प बसले. त्यानं खोक्यातून एक जुनं ग्राफिक्स कार्ड काढलं. पोळपाटाच्या निम्म्या आकाराची पट्टी, तिच्या एका कडेला दोन तोंडं. हे कम्प्युटरच्या आत खोवायचं, की पाठीमागं ही दोन तोंडं जास्तीची निघतात. कार्डाची दोन आणि आपलं मूळचं एक, असा तीनाचा हिशेब त्यानं बोटांवर करून दाखवला. दोन जुने मॉनिटरही त्याच्याकडूनच घेतले. त्यातला एक कुठल्याशा तिकीट खिडकीतला, जाडजूड पायाचा.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर आम्ही आतल्या खोलीत बसलो. ताई त्यांच्या खिडकीशी, आमच्याकडं पाठ, मांडीवर अर्धा उसवलेला स्वेटर. त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय चाललंय ते. मी वीज बंद केली, कम्प्युटरचं झाकण उघडलं आणि आतली धूळ बघून नवरा म्हणाला, "हा चालतो कसा? आमच्या डेपोत याला रस्त्यावर सोडला नसता."

"टॉर्च धरा. बोलू नका."

"बोलण्यानं टॉर्च विझत नाही."

कार्ड मी खोवायला घेतलं. कितीही ढकललं तरी ते शेवटचं कणभर आत जाईना, आणि जोर लावावा तर त्या आतल्या हिरव्या पाटीला तडा जाईल ही धास्ती. त्याच डब्यात माझी सगळी पानं, माझी रोजीरोटी. शेवटी नवऱ्यानं टॉर्च तोंडात धरला आणि खालून बोटांचा आधार दिला. टक्क करून आवाज आला आणि कार्ड बसलं. तेवढ्यानंसुद्धा आम्ही दोघं असे हुश्श झालो, की जणू काम संपलंच.

संपलं कुठलं? माझा नेहमीचा मॉनिटर नेहमीच्या निळ्या तोंडात लावला, वीज सुरू केली. पंखा घुमला, दिवा लागला, आणि मॉनिटरवर काळंकुट्ट. कोपऱ्यात दोनच शब्द, 'सिग्नल नाही'.

"जाळलंस वाटतं," नवरा म्हणाला.

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"अगं, पंखा तर फिरतोय. इंजिन चालू आहे म्हणजे गाडी मेलेली नाही. दुसरीकडं लावून बघ."

केबल काढून मी नव्या कार्डाच्या तोंडात अडकवली. अडकवताना मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. मॉनिटर लागला. माझी सगळी पानं जागच्या जागी होती. कार्ड आलं की हा म्हातारा आपलं मूळचं तोंड आपण होऊन मिटून घेतो, एवढंच झालं होतं. घरात पाहुणा आला की कोपऱ्यात जाऊन बसणाऱ्या माणसासारखं.

पण मग तिसरा मॉनिटर लावायचा कुठं? कार्डाची दोन्ही तोंडं भरली, दोन मॉनिटर झकास लागले, आणि निळं तोंड मिटलेलं. दुकानदाराच्या बोटांवरचा हिशेब एकानं चुकला. दुकान बंद. मी वैतागून कम्प्युटर बंद-चालू करत राहिले. तेव्हा सुरुवातीला पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ चमकून जाते हे दिसलं. अमुक बटन दाबलंत तर मूळ सेटिंग उघडतील. दाबलं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. तिथं माउस चालत नव्हता, बाणांची बटनं दाबत सरकायचं. नवरा मागं उभा राहून "हे नको, ते नको, त्याला हात लावू नको" असं देवळातल्या पुजाऱ्यासारखं बजावत होता. बऱ्याच दारांत डोकावल्यावर ते सापडलं. बाहेरचं कार्ड असेल तर मूळचं तोंड बंद ठेवावं की दोन्ही चालू ठेवावीत? मी दोन्ही केलं, जपून ठेव म्हणून सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

"लागला," नवरा म्हणाला. "तिसरा लागला गं."

खरंच लागला होता. आनंदात मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. खिडकीशी ताईंचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा लोकर गुंडाळायला लागले.

आता तिघांना ओळीत मांडायला गेले तर टेबल आखूड. तिसरा मॉनिटर निम्मा बाहेर लोंबकळायला लागला. टेबलाची लांबी मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि हे मी, जी केसाएवढ्या समासावरून छापखान्याशी भांडते. मग त्या तिकीट खिडकीवाल्याचा जाड पाया कामी आला. त्या पायावर मॉनिटर गर्रकन फिरत होता. आडव्याचा उभा केला आणि अगदी डाव्या टोकाला बसवला, तेव्हा तिघं कसेबसे मावले. पण मॉनिटर फिरवला हे कम्प्युटरला कुठं ठाऊक? त्यावरचं चित्र मॉनिटरबरोबर आडवं पडलं. अक्षरं सगळी कुशीवर. माउस उजवीकडं ढकलला की बाण खाली जायला लागला. सरळ करायचं सेटिंग असतं, ते मी मागाहून करणार होते.

वाचायला म्हणून मी सायकल दुरुस्तीच्या एका नव्या पुस्तकाची पानं लावून ठेवली होती. पहिलं पान भलंमोठं करून दोन मॉनिटरांवर पसरलं. डावीकडच्या त्या कुशीवर पडलेल्या मॉनिटरवरही काहीतरी असावं म्हणून दुसरं पान तिकडं ढकलून दिलं. ते कुशीवर तर कुशीवर.

"ताई," मी हाक मारली. "एकदा येऊन बसता का?"

"कशाला?"

"बसा तर खरं."

त्या आल्या. खरं सांगायचं तर त्या नाही म्हणतील अशी मला भीती होती, आणि आल्या तेव्हा त्याहून जास्त भीती वाटली. खुर्चीत बसल्या. समोर हातभर अक्षरं. नवरा टॉर्च विझवायचा विसरून दाराशी उभा.

"चाक," ताईंनी वाचलं. थांबल्या. मान उजवीकडं वळवली. "काढ... काढण्या..." पुन्हा मान. "आधी." पुन्हा मान डावीकडं, ओळ सुटली, पुन्हा "चाक". मी ओळ लांब केली होती, म्हणजे त्यांची फरफट लांब केली होती. त्यांना जे दिसत नव्हतं ते मी मॉनिटरला मॉनिटर जोडून आणखी दूर नेऊन ठेवलं होतं. दुपारभर एवढा खटाटोप करून मी दुसरा आरसाच बसवला होता.

"पुरे," त्या म्हणाल्या. रागानं नाही, आणि त्यानंच मला भडभडून आलं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "तू केलंस ना, तेवढं पुष्कळ झालं. आता हे आवरून ठेव. उगाच वीज जाते."

आणि टेबलाला हात टेकवून त्या उठल्या, खिडकीकडं जायला डावीकडं वळल्या. मी रडू दिसू नये म्हणून आवरायला घेतलं. निदान तिसरा मॉनिटर तरी सरळ करून ठेवावा म्हणून माउस हातात घेतला आणि ते सेटिंग शोधायला लागले.

"आणि हे ठोकळे काय दोनदा निसटतात होय?" ताई म्हणाल्या.

मला वाटलं स्वेटरबद्दल काही बोलतायत. "कुठले ठोकळे?"

"ब्रेकचे. वर एकदा निसटले, खाली तेच वाक्य पुन्हा. एक काढ. आणि लेखकाला सांग, एवढे निसटत असतील तर सायकल विकून टाक म्हणावं."

नवऱ्याच्या हातातला टॉर्च छताकडं वळला होता. ताईंनी आमच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्या कुशीवरच्या मॉनिटरकडं पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्या सावकाश पुन्हा खुर्चीत बसल्या. खुर्ची मी त्या उभ्या मॉनिटरसमोर ओढली.

कुशीवर पडलेलं पान. ओळी वरून खाली उतरत होत्या. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ उजव्या बाजूला दोरीसारखी ताठ उभी, आणि अक्षरं सगळी तिच्या डावीकडं लटकलेली. पुढचा शब्द आता उजवीकडं नव्हता. तो खाली होता. ताईंची नजर त्या उभ्या रेघेवरून खाली घसरायची आणि अक्षरं आपोआप त्यांच्या दिसणाऱ्या बाजूला यायची. ओळ संपली की पुढची ओळही डावीकडंच.

"चाक काढण्याआधी ब्रेकची तार सैल केली नसेल, तर ठोकळे निसटतात," ताईंनी वाचलं. वाक्य सलग आलं. "अशा वेळी घाई करू नये. सायकल भिंतीला टेकवून ठेवावी, आणि दोन्ही हात मोकळे करावेत." आणखी एक वाक्य. मग आणखी एक. ओळीमागून ओळ त्या उतरत गेल्या. मी आयुष्यात इतकं रटाळ पुस्तक लावलं नसेल, आणि इतकं कान देऊन कधी काही ऐकलं नसेल.

"पण आडवं वाचता कसं येतंय तुम्हाला?" मला राहवेना. "मला तर मान मोडूनही एक शब्द लागत नाही."

उत्तर नवऱ्यानं दिलं. तो तिथंच दाराशी जमिनीवर बसला होता. "शाळेत आम्हा दोघांत एकच पुस्तक असायचं," तो म्हणाला. "मी समोर बसायचो. ही माझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या त्या बाजूला."

"तू समोरची जागा कधी सोडलीस का?" ताई मॉनिटरवरची नजर न हलवता म्हणाल्या. "रोज भांडले. आई म्हणायची, तू मोठी ना, तू समजून घे. सगळी शाळा मी पुस्तकाच्या कुशीकडून वाचलीय. परीक्षेत प्रश्नपत्रिका फिरवून घ्यायचे, बाई ओरडायच्या तेव्हा सरळ करायचे."

"मग माझे उपकार मान," नवरा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा वाकडा झाला. बाही डोळ्यांवर धरून तो हमसून हमसून रडायला लागला. एवढा बसचा ड्रायव्हर, अंगानं दरवाजाएवढा.

"अरे, टॉर्च बंद कर आधी," ताई म्हणाल्या. "सेल जातील."

मी तोंडात पदर कोंबून हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. छातीवरून कुणीतरी दगड उचलून नेला होता. हातातला माउस मी झटकन टेबलावर ठेवून दिला. आणखी एक बटन दाबलं असतं तर मीच ते पान सरळ करून टाकलं असतं. त्या विचारानं आता, लिहितानाही, अंगावर काटा येतो.

नंतर ती व्यायाम घेणारी बाई म्हणाली, की असं काहींना जमतं, पण सरावाला वेळ लागतो. आमच्या ताईंचा सराव आधीच झालेला. त्या दिवशी मात्र आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या वाचतायत, एवढंच ठाऊक होतं. खुर्ची आणखी पुढं ओढून, एक बोट पडद्यावर ठेवून त्या पान उतरत होत्या. मध्ये एका चित्राखालचा मजकूर त्यांना पटला नाही. एका ठिकाणी नट सोडवायचा पाना पंधरा नंबरचा म्हटलेला आणि चित्रात दुसराच, तेही सापडलं. मी मुकाट्यानं टिपून घेत होते. भांडायला एकदाही तोंड उघडलं नाही, याची त्यांनी नंतर तक्रार केली.

पानाच्या शेवटच्या ओळीशी येऊन त्या थांबल्या. बोट तिथंच टेकलेलं. दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "हं. पुढचं पान दे."

पुढचं पान नव्हतं. अख्खं पुस्तक माझ्याकडं येऊन पडलं होतं, पण मी दोनच पानं लावली होती. दोन मॉनिटर आणले, कार्ड आणलं, डबा उघडला, नवऱ्याची सुट्टी त्यात घातली, आणि एवढं करूनही दोनच पानं. कारण या दुसऱ्या पानाच्या तळापर्यंत त्या पोचतील, असं मनातून मलाही वाटलं नव्हतं.

"लावलेलं नाही," मी म्हटलं.

"का?"

ताईंनी मान पार उजवीकडं वळवली, मी सापडेपर्यंत वळवली, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं. एरवी एवढ्या चुकीवर त्यांनी मला चार दिवस ऐकवलं असतं.

"मग लाव की," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

मी मधला मॉनिटर पुढं ओढला आणि तिसरं पान लावायला घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मला समाससुद्धा धड दिसत नव्हता, आणि शेजारी बसून ताई मान वळवून सांगत होत्या की डावीकडं जास्त सोडलायस.